झाडांतला सतराचा पाढा

"सतराचा पाढा येतो का?"

भाड्याची खोली बघायला आलेल्या मुलीला कोणी असा प्रश्न विचारत नाही. स्वयंपाक करतेस का, मित्र येतात का, नॉनव्हेज चालतं का, एवढ्या उत्तरांची तयारी करून मी गेले होते. दारात साठीच्या पुढची एक बुटकी बाई उभी होती. पांढऱ्या केसांचा बॉयकट, अंगात फ्लीसचं जॅकेट, पायात जाड लोकरी मोजे. ये नाही, बस नाही, सरळ सतराचा पाढा. मी हबकलेच. पण मी अकोल्याची आहे, कोणी असं अंगावर आलं की मला चेव येतो. मी उंबऱ्यातच उभी राहून सतरा एके सतरापासून सतरा दाहे एकशे सत्तरपर्यंत एका दमात म्हणून दाखवला.

बाईंनी मान हलवली. "आवाज याहून मोठा निघतो का?"

"काकू, मला खोली पाहिजे. गाण्याचा क्लास नाही लावायचा."

"निघतो," त्या म्हणाल्या. "राहायला ये."

अशी मला अमेरिकेतल्या सॉल्ट लेकमध्ये त्यांच्या घराच्या बेसमेंटमधली खोली मिळाली. भाडं वाजवी, खिडकीतून समोर डोंगर, आणि अट एकच. हिवाळ्यात ताजा बर्फ पडला की काकूंबरोबर स्की करायला यायचं. तेही मोकळ्या उतारावर नाही, झाडांत. मी मास्टर्स करायला आले होते. आमच्या अकोल्यात बर्फ म्हणजे उसाच्या रसात टाकतात तो. पायाला दोन फळ्या बांधून देवदारांच्या मधून खाली घसरत जायचं, हा छंद कोणाला असतो आणि तो भाडेकरूच्या गळ्यात का मारतात, हे मला काही केल्या कळेना. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, बाई बरी आहे ना डोक्याने? मी म्हटलं, बघते आणि सांगते. आज सांगायचं तर तिचा प्रश्न चुकीचा नव्हता.

काकू मूळच्या कऱ्हाडच्या. इथल्या कम्युनिटी कॉलेजात वर्षानुवर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगी लांब पूर्वेकडे हर्नडनला, आयटीत. काका काही वर्षांपूर्वी गेले होते. "ते गेले," एवढंच काकू म्हणायच्या. आपल्याकडची माणसं जशी जातात, शुगर, हार्ट, तसे गेले असतील असं मी धरून चालले. विचारलं नाही.

त्या कोणालाही नावाने हाक मारत नसत. भाडेकरू मुलींना गावाच्या नावाने ओळखत. माझ्या आधी लातूर होती, तिच्या आधी जळगाव. मी अकोला. "अकोला, तुझी लॅबमधली मैत्रीण कोण म्हणाली होतीस, त्या वर्ध्याला माझा निरोप दे." त्यांचा स्वतःचा वाढदिवस एक जूनचा, म्हणजे शाळेत मास्तरांनी आपल्या सोयीने टाकलेला. कोणी वय विचारलं की त्या विचारत, "कागदावरचं सांगू की खरं?" आणि मग दोन्ही सांगत नसत.

बर्फाला त्यांच्याकडे पिठांची नावं होती. सकाळी खिडकीशी उभ्या राहून त्या जाहीर करत. आज रवा आहे. आज साबुदाणा आहे, घरी बसा. आज ज्वारीचं पीठ, जरा जड जाईल. आणि वर्षातून मोजक्या वेळा, दबक्या आवाजात, शेजाऱ्याला कळू नये अशा बेताने, "अकोला, तांदळाची पिठी पडली आहे." त्या दिवशी माझं लेक्चर असो, लॅब असो, मला जावं लागे. गाडीत थालीपीठ आणि लसणाची चटणी. बर्फाळ रस्त्यावर ही बाई एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने थालीपीठ खायची आणि मी मनात रामरक्षा म्हणायची.

पहिला हिवाळा मी भाड्याच्या स्कीवर मोकळ्या उतारावर काढला. पडले, उठले, रडले, पुन्हा पडले. दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास दुकानांत सेल लागला तेव्हा काकू म्हणाल्या, "आता स्वतःची स्की घे. यंदा झाडांत यायचं आहे."

त्या दुकानातला प्रसंग मी आजही, आता राहते त्या एडिसनमधल्या मैत्रिणींना सांगते, आणि त्यांना मी वाढवून सांगते असं वाटतं. पहिला तमाशा बुटांवरून झाला. मी दुकानातल्या माणसाला सांगितलं की एक नंबर मोठा दे, आत दोन जोड मोजे घालीन. आमच्या घरी सगळं वाढत्या मापाचं घ्यायची पद्धत. शाळेचे बूट, स्वेटर, युनिफॉर्म, सगळं पुढच्या वर्षी नीट बसणारं. काकूंनी तो बूट माझ्या हातातून काढून घेतला.

"तू सव्वीस वर्षांची घोडी. अजून किती वाढणार आहेस?"

"पण काकू, घट्ट बूट चावतो."

"बूट सैल असला की तू वळतेस आणि स्की वळत नाही. झाडासमोर हे कळून उपयोग नाही. बोटं जेमतेम हलतील असा घे."

मला वाटलं, आता स्कीही त्याच निवडतील. तर बाई भिंतीशी हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "स्की तुझी तू निवड. मी बोट लावणार नाही. मी दुसऱ्याची स्की निवडत नाही, आणि कोणी माझी निवडलेली मला चालत नाही." हे त्यांनी इतक्या कडक आवाजात सांगितलं की दुकानातला माणूस मराठी न कळताही एक पाऊल मागे सरकला.

बायकांच्या स्की वेगळ्या मांडलेल्या होत्या. मला एक फुलाफुलांची आवडली. मी ती उचलली तर काकूंनी नुसतं विचारलं, "फुलं कशासाठी आहेत?" मी म्हटलं, बायकांची आहे म्हणून. "बायकांची म्हणजे फुलांची नव्हे. वजनाला हलकी, वाकायला जरा मऊ, आणि बूट बसवायची जागा किंचित पुढे. आपला भार पुरुषासारखा पडत नाही म्हणून. हे सगळं तिच्यात आहे का ते बघ. रंग शेवटी." मग मला सगळं करायला लावलं. स्कीचं शेपूट जमिनीवर टेकवून, टोक धरून, मधोमध दाबून बघायचं. अजिबात वाकत नसेल तर तुझ्या वजनाला ती झाडांत वळणार नाही. लगेच लचकली तर वेगात थरथरेल. बाजूने डोळा लावून बघायचं, टोक आणि शेपूट थोडं वर उचललेलं हवं, म्हणजे भुसभुशीत बर्फात नाक खुपसत नाही. उंची हनुवटी आणि नाकाच्या मध्ये कुठेतरी, त्याहून लांब असेल तर दोन झाडांच्या मध्ये फिरवायला जागा पुरत नाही. आणि मधली रुंदी, तिला कंबरच म्हणतात, चांगली दहा सेंटीमीटरच्या आसपास. फार रुंद घेतलीस तर टणक बर्फावर हाल. अरुंद घेतलीस तर पिठीत बुडशील.

"जन्मभर सगळ्यांनी कंबर बारीक कर म्हणून सांगितलं," मी म्हटलं.

"इथे रुंदच बरी," काकू म्हणाल्या आणि हसल्या. त्या दुकानात त्या एवढ्या एकदाच हसल्या. मी शेवटी एक साधी निळी जोडी निवडली. काकूंनी चांगली म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही. बाहेर आल्यावर माझ्या हातात चटणीची डबी दिली, त्यावरून मी ओळखलं.

त्याच दिवशी, माझी स्की गाडीवर बांधताना, मी त्यांची स्की पहिल्यांदा नीट बघितली. आणि चाटच पडले. ती त्यांच्या डोक्याच्या वर वीतभर गेलेली. पुरुषाची, जड, कमरेत अरुंद. मी शिकल्याप्रमाणे शेपूट टेकवून दाबून बघितली तर लोखंडी पहारीसारखी, हलायला तयार नाही. तासभर मला जे जे घेऊ नकोस म्हणून सांगितलं, ते सगळं त्या एका जोडीत होतं.

"काकू, ही तुमची?"

"मी वापरते."

काकूंच्या स्कीला दरवर्षी धार लावून देणारा तो दुकानातला माणूस पैसे देताना मला हळूच म्हणालाही होता, तुझ्या आंटीला सांग, त्या स्कीवर ती एक दिवस झाडात जाऊन बसेल. मला वाटलं, विकायला काहीतरी बोलतोय.

झाडांत पहिल्यांदा गेलो तेव्हा काकूंनी डोंगरावर नेणाऱ्या खुर्चीच्या लिफ्टवरून उतरल्यावर, परत जायची सोय उरली नाही हे बघून, मला समजावलं. देवदाराच्या खालच्या फांद्या छत्रीसारख्या असतात. बर्फ बाहेर साठतो, बुंध्याभोवती पोकळ विहीर राहते, वरून दिसत नाही. माणूस जवळून जाताना पडला तर डोकं खाली, पाय वर असा आत जातो. जितका धडपडेल तितका बर्फ वरून पडतो. एकट्याला बाहेर येता येत नाही. सोबतच्याने उकरून काढलं तरच.

मी लिफ्टकडे वळून बघितलं. "आणि हे तुम्ही मला इथे सांगताय?"

"घरी सांगून काय दिसलं असतं? आता ऐक. मी उजवीकडून, तू डावीकडून. दिसणार नाही आपण एकमेकींना, पण ऐकू येऊ. मी म्हणेन सतरा एके सतरा, तू म्हण सतरा दुणे चौतीस. एक मी, एक तू. पुढचा आकडा आला नाही की जागच्या जागी थांबायचं आणि वर चढायचं. स्की काढायची नाही, कमरेपर्यंत बुडशील. आडवी पावलं टाकत चढायचं."

आणि ती बाई झाडांत घुसली. आतून आवाज आला, "सतरा एके सतरा." मी जीव मुठीत धरून ओरडले, "सतरा दुणे चौतीस." अमेरिकेतल्या त्या गोऱ्या डोंगरात आम्ही दोघी पाढे म्हणत खाली येत होतो. एक लांबदाढीवाला स्कीवाला थांबून बघत राहिला. त्याला वाटलं असेल कसली तरी प्रार्थना चालली आहे. मला शिट्टी सुचली होती, पण काकू म्हणाल्या, शिट्टी वाजली की कोणीतरी वाजवली एवढंच कळतं. आकडा बरोबर आला की माणूस शुद्धीत आहे हे कळतं. गणिताच्या बाईला हेच सुचायचं. सुरुवात मात्र नेहमी त्याच करायच्या. एकदा मी आधी "सतरा एके" म्हटलं तर भडकल्या. "एके मी म्हणायचं." का, ते सांगितलं नाही.

जानेवारीत हर्नडनहून त्यांच्या मुलीचा फोन आला, मला. इथेच जन्मलेली, मराठी समजते, बोलते अर्धं इंग्लिश. "आई लिसन्स टू यू," ती म्हणाली. मी म्हटलं, ताई, तुमची आई कोणाचंच ऐकत नाही. मग तिने सांगितलं. ती स्की बाबांची. बाबा त्याच डोंगरात, त्याच झाडांत गेले होते, अशाच एका बुंध्याच्या विहिरीत. "आई वॉज राइट देअर. आणि आता ती त्याच स्कीवर जाते. शी इज टू स्मॉल फॉर देम. दोज स्कीज आर गोइंग टू किल हर. प्लीज, डू समथिंग."

मी फोन ठेवला. भीती होती, आणि रागही होता. तशीच वर गेले. काकू भाजी निवडत बसल्या होत्या.

"काका झाडांत गेले, हे मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नाही."

"म्हणून."

"आणि त्या पहारीवर का जाता तुम्ही? मला शिकवलेलं सगळं तुम्हाला लागू नाही का?"

"तो माझा प्रश्न आहे."

"तुम्ही पडलात तर उकरायचं मला आहे. मग माझाही आहे."

त्यांनी भाजीचं ताट उचललं आणि आत गेल्या. मी गॅरेजमध्ये जाऊन उगाच धुमसत उभी राहिले. भिंतीवर वरच्या खुंट्यांना सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांबट बांधून ठेवलेलं होतं. मी आधीही पाहिलं होतं, पडद्याचे गज असतील म्हणून सोडून दिलं होतं. त्या दिवशी चादरीच्या टोकाला स्कीचं शेपूट दिसलं. मी हात वर केला तर मागून काकूंचा आवाज आला. "त्याला हात लावायचा नाही." मी हात खाली घेतला.

मग फेब्रुवारीतली ती पिठी. आदल्या संध्याकाळपासून पडत होती, सकाळी उघडलं. झाडं पांढरी, आवाज नाही कशाचा. आम्ही वर गेलो. काकूंनी सुरू केलं, मी उत्तर दिलं. माझी निळी स्की त्या दिवशी अशी चालत होती की मला पहिल्यांदाच, खोटं कशाला बोलू, आनंद झाला. एक्कावन्न त्यांचे, अडुसष्ट माझे, पंच्याऐंशी त्यांचे. मी ओरडले, "सतरा सक एकशे दोन."

साते आलं नाही.

मी थांबले. पुन्हा ओरडले, एकशे दोन. काही नाही. ताजा बर्फ आवाज खाऊन टाकतो, म्हणून मी हेल्मेट काढून ऐकलं. काही नाही. सतराचा पाढा ही बाई झोपेत म्हणेल, तिला साते आठवलं नाही असं होणं शक्य नव्हतं. मी आडवी होऊन चढायला लागले. रडत होते, मधेच काकूंना शिव्या देत होते, अकोल्याच्या, आईने ऐकल्या तर घरात घेणार नाही अशा. स्की बुडत नव्हती म्हणून चढता तरी येत होतं.

मला आधी त्या लांब स्कीचं शेपूट दिसलं, एका देवदाराच्या फांद्यांखालून आडवं बाहेर आलेलं. दुसरी स्की पडलेल्या ओंडक्याखाली अडकली होती. वळायला जागाच पुरली नव्हती तिला. काकूंचे पाय वर आणि बाकीच्या काकू बर्फात. मी बाजूने आडवी झाले आणि हातांनी उकरायला लागले. आधी तोंड, बाकी सगळं नंतर, हे त्यांनीच शिकवलेलं. खांदा लागला, मग गळ्याभोवतीचा मफलर, मग हनुवटी. तोंडातला बर्फ मी बोटांनी काढला. चेहरा निळा पडला होता. मग त्या खोकल्या. पुन्हा खोकल्या. थुंकल्या. आणि अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "एकशे एकोणीस."

मी त्यांच्या हेल्मेटवर एक चापट ठेवून दिली. आईच्या वयाच्या बाईला मी मारलं. आणि मग तिला धरून हमसून हमसून रडले.

पार्किंगमध्ये गाडीचा हीटर लावून आम्ही बसलो. थर्मासमधला चहा त्यांच्या हातात हिंदकळत होता. त्या समोरच्या काचेकडे बघत बोलायला लागल्या. मी काही विचारलं नव्हतं.

"आम्ही दोघं एकाच मापाच्या स्कीवर शिकलो. मीही तसल्याच लांब वापरायची, आणि मला त्याचा फार तोरा होता. एक दिवस ते दुकानातून बायकांची स्की घेऊन आले, नवी कोरी. म्हणाले, आता ती लांब तुला झेपत नाही, ही घे. मला न विचारता. माझं वय झालं हे ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मी अबोला धरला. आमच्या घरी अबोला म्हणजे अबोला. माझ्या आईने वडिलांशी अख्खा अधिक महिना धरला होता."

मी हीटर अजून वाढवला.

"दोन-तीन दिवसांनी पिठी पडली. पिठी काही अबोला संपायची वाट बघत नाही. गेलो दोघं, गाडीत एक शब्द नाही. झाडांत पाढे म्हणायची खोड त्यांची होती. ते म्हणायचे सतरा एके सतरा, मी म्हणायची दुणे चौतीस. त्या दिवशी त्यांनी हाक दिली. मला स्वच्छ ऐकू आली. मी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा दिली. मी म्हटलं, बोलू दे एकट्याला. मग आवाज थांबला. मला वाटलं, रागावले. मी खाली गेले, बूट सैल केले आणि बसले. म्हटलं, आज काही झालं तरी पहिला शब्द मी बोलणार नाही."

हीटरचा आवाज येत होता. ही बाई कुठलं ओझं घेऊन हिंडते आहे, आणि मी तिला विक्षिप्त म्हणून मैत्रिणींना हसवत होते. लातूर, जळगाव, अकोला, आम्ही सगळ्या कशासाठी त्या घरात राहून गेलो ते मला तेव्हा कळलं. एके त्या काकांचं म्हणायच्या आणि चौतीस आमच्याकडून ऐकायच्या.

"चादरीतली ती जोडी तीच ना?" मी शेवटी विचारलं. "कधी बघितलीत?"

"नाही."

"का?"

"चुकीची निघाली तर पुन्हा राग येईल. बरोबर निघाली तर मी काय करू?"

मग मात्र माझा संयम सुटला. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला त्यांच्या स्कीवर मरायचं असेल तर मला उकरायला सोबत घेऊ नका. त्या जोडीवर तुम्ही असाल तर मी झाडांत येणार नाही, आणि एक आकडा बोलणार नाही. मी अकोल्याची आहे, मलाही अबोला येतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. घाबरलेली बघितली मी ती बाई, बर्फातून काढली तेव्हा नव्हती तेवढी. घरी येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत आणि मीही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून हाक आली. "अकोला, गॅरेजमध्ये ये."

त्यांनी शिडी लावून गुंडाळी स्वतःच काढली होती. चादरीच्या गाठी इतक्या घट्ट बसल्या होत्या की त्यांनी त्या दातांनी सोडवल्या. आत गडद हिरवी जोडी, एकही फूल नाही. बूट अडकवायचं बाइंडिंगही अजून बसवलेलं नव्हतं. काकूंनी ती दुकानातल्यासारखी, कोण्या परक्याची असावी तशी तपासली. शेपूट टेकवलं, मधोमध दाबलं, वाकली, परत आली. बाजूने डोळा लावला. कमरेवर बोटं आडवी ठेवून बघितली. शेजारी उभी करून उंची बघितली, बरोबर नाकाच्या खाली. हातात तोलून बघितली.

"शेपूट कडक आहे जरा," त्या म्हणाल्या. मग पुन्हा दाबलं. "नाही. बरोबर आहे."

उलट्या बादलीवर त्या मटकन बसल्या. "मला वाटलं दुकानदाराने यांच्या गळ्यात मारली. हे सगळं बघून घेतलेलं आहे गं. मी कशी वळते, कुठे जोर देते. मी स्वतःला हीच घेतली असती." मांडीवर स्की आडवी घेऊन, तिच्यावर हात फिरवत त्या कितीतरी वेळ तशाच बसल्या. मी जाऊन चहा ठेवला.

दुकानातल्या माणसाने बाइंडिंग बसवताना, ते किती घट्ट ठेवायचं हे ठरवायला, वय विचारलं. मी 'कागदावरचं की खरं'ची वाट बघत होते, पण त्या दिवशी काकूंनी खरं सांगून टाकलं. ऐकून मीच गार झाले. मी धरलं होतं त्यापेक्षा चांगल्या सात-आठ वर्षांनी मोठ्या होत्या.

पुढच्या पिठीला आम्ही वर गेलो. झाडांच्या तोंडाशी काकू थांबल्या. हिरव्या स्कीवर त्या मला एकदम लहान वाटल्या, आपल्या मापाच्या. त्यांनी गॉगल खाली ओढला आणि म्हणाल्या, "आज एके तू म्हण."

मी डावीकडून गेले. दोन वळणं घेतली आणि जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडले, "सतरा एके सतरा."

उत्तर आलं नाही. मी पुन्हा म्हटलं, "सतरा एके सतरा." झाडांवरून थोडा बर्फ पडला, तेवढाच आवाज. मी स्की आडवी केली आणि वर चढायला पहिलं पाऊल टाकलं. तेव्हा उजवीकडच्या झाडांतून आवाज आला, घोगरा, मधेच फुटलेला, आणि एवढा मोठा की तो माझ्यासाठी नव्हता हे मला त्याच क्षणी कळलं.

"अहो, सतरा दुणे चौतीस."